कुणासाठी देव, कुणासाठी नाही

आमच्याकडं कुणी कुणाला 'देव मानता का?' असं विचारत नाही. विचारतात ते 'तुमचं कुलदैवत कोणतं?' सोयरीक जुळवताना विचारतात, गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईशी ओळख काढतानाही विचारतात. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर, कुठंही जा. उत्तरं ठरलेली असतात: सौंदत्तीची यल्लम्मा, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, चिंचलीची मायाक्का, खानापूर-चंदगडकडचा रवळनाथ. देव आहे की नाही, हा मुद्दा त्या बोलण्यात येतच नाही. तो आहे हे धरलेलंच असतं, कुणाचा कोणता एवढंच विचारायचं राहतं. भाषेवरून या भागात १९५६ पासून भांडण आहे, पण माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर मराठी बाई आणि कानडी बाई शेजारीशेजारी तीन दगडांची चूल मांडतात, एकमेकींना मीठ-काडेपेटी देतात आणि एकाच सुरात 'उदो' म्हणतात.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेनं २०२१ मध्ये भारतातल्या धर्माविषयी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास ३०,००० माणसांशी बोलून केलेली. त्यात ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. हा आकडा वाचून मला काहीच वाटलं नाही. आमच्या गल्लीत विचारलं असतं तरी हेच निघालं असतं. मी थांबले ते पुढच्या एका ओळीवर. बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं होतं. त्या एक तृतीयांशात माझं घर बसतं. म्हणजे अर्धंच घर. उरलेलं अर्धं डोंगराला जातं.

देव मानावा की मानू नये हे माणूस पुरावे तपासून ठरवतो, असं मला वाटत नाही. ज्यांचा हात सोडवत नाही त्यांच्या बाजूला तो जाऊन उभा राहतो आणि युक्तिवाद मागाहून गोळा करतो. आस्तिकही हेच करतो आणि नास्तिकही. यात कुणाला कमीपणा आणायचा माझा हेतू नाही. उलट माणसाच्या या निष्ठेबद्दल मला फार आदर वाटतो. तिच्या आड भीती दडवली जाते तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांच्या आईला एक धाकटी बहीण होती. आम्ही पोरं तिला डोंगरआज्जी म्हणायचो. लहानपणी तिच्या केसांत गुंता झाला. आई शेतात मजुरीला, घरात तेलाची मारामार, केस विंचरणार कोण? गुंत्याची जट झाली. जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं ज्याला त्याला ठाऊक होतं. तिला सौंदत्तीला नेलं, गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले आणि देवीला सोडलं. आमचा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथं मुली देवाला वाहायला बंदी करणारा कायदा १९३४ सालीच झालेला होता. तो आमच्या गल्लीपर्यंत आला नाही. पुढं कर्नाटकानं १९८२ साली स्वतःचा कायदा केला, तोवर डोंगरआज्जीचं निम्म्याहून अधिक आयुष्य सरलं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन जोगवा मागायची. कोरडा जोगवा, म्हणजे मूठभर जोंधळे, तांदूळ, कधी पीठ. तिला एक मुलगा झाला. तो अण्णांच्या बरोबरीचा. दोघं एकाच दिवशी शाळेत गेले. मास्तरांनी अण्णांच्या बापाचं नाव लिहून घेतलं आणि त्याच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली. पोरांना एवढं पुरलं. 'देवीचं पोर' म्हणून त्याला इतकं चिडवलं की तो दुसरीच्या पुढं शाळेत गेलाच नाही. अण्णा शिकले, मराठी शाळेत मास्तर झाले आणि आयुष्यभर नवीन पोराचं नाव घालताना आधी आईचं नाव विचारत राहिले. दाखल्यावर तशी जागा नव्हती तेव्हापासून.

अण्णांचा नास्तिकपणा तिथं जन्मला. त्यांनी पुढं पुष्कळ वाचलं, चार्वाकापासून वाचलं, आणि चर्चेत ते मुद्देसूद बोलतात. विश्वाला कर्ता लागत असेल तर कर्त्याला कर्ता का नको, हा प्रश्न ते सातवीच्या पोरांनाही घालायचे. पण त्यांचा राग ऐकला की कळतं, तो विश्वाच्या उत्पत्तीवरचा राग नाही. दाखल्यावरच्या त्या मोकळ्या जागेवरचा आहे.

१९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या लोकांच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यातली पहिलीच. आणि १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलताना आम्हांला कुणी विचारलं नाही. धर्माचं मात्र ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं होतं. निपाणीत १९२५ सालीच बाबासाहेब बहिष्कृतांच्या परिषदेला आले होते, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांनाही हे नाव परकं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांनी देव्हारे रिकामे केले. जगात माणसं एकेकटी नास्तिक होतात. इथं वस्त्याच्या वस्त्या एकमेकांचा हात धरून देवांच्या बाहेर पडल्या. 'देव मानायचा की नाही हे माणूस कुठं ठरवतो, ते तर जन्मानं मिळतं,' असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देते. ठरवता येतं. अंगठाबहाद्दर माणसांनी ठरवून दाखवलंय.

अण्णांनी घरातले टाक फडक्यात बांधून वेदगंगेत सोडले. आज्जीनं अडवलं नाही. तिनं फक्त परडी काढून धान्याच्या कणगीमागं ठेवली. ती परडी तिथं आहे हे अण्णांना माहीत होतं, आणि अण्णांना माहीत आहे हे आज्जीला माहीत होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कणगीमागं यल्लम्मा. असं आमचं घर कित्येक वर्षं चाललं. बाहेरच्या कुणाला यात खोटेपणा दिसेल. मला दिसत नाही. आज्जीची बहीण त्या देवीला दिलेली होती. देवीला टाकलं की बहिणीला टाकल्यासारखं होणार, असं तिला वाटायचं. त्याच बहिणीपायी अण्णांना देवी नको झाली. दोघांचं माणूस एकच होतं.

आता जटेचं सांगते.

डोंगरआज्जीची जट कमरेखाली गेली होती. वाळलेल्या सुंभासारखी, मनगटाएवढी जाड, पावसाळ्यात ओली झाली की तीन-तीन दिवस वाळायची नाही. मान एका बाजूला कायमची कललेली. झोपताना ती जट वेगळ्या उशीवर ठेवायची. मुळाशी उवा, फोड, कधी पू. दवाखान्यातल्या नर्सबाई सांगून थकल्या. त्या काळात गडहिंग्लजकडनं देवदासींमध्ये काम करणाऱ्या बाया आमच्याकडं यायच्या. त्यांतली एक स्वतः पूर्वीची जोगतीण होती. ती महिनोन्‌महिने नुसती येऊन बसायची, चहा प्यायची, आपली मान मोकळी झाल्याचं सांगायची आणि जायची. अण्णांची घाई चालायची. त्यांना वाटे, समजावून सांगितलं की झालं. केस न विंचरल्यानं जट होते, त्यात देवीचा काय संबंध? हे त्यांनी मावशीला शंभरदा सांगितलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं खरं हाय गा. खरं मला भ्या वाटतंय."

एका शुक्रवारी सकाळी तीच म्हणाली, "आईनं व्हय म्हटलंय."

कसं म्हटलं, कधी म्हटलं, असं अण्णांनी विचारलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तोंडावर आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि कातर आणायला गेले. साध्या कात्रीला ती जट दाद देणार नव्हती, म्हणून धनगराकडची मेंढरं कातरायची कातर मागून आणली. रात्रभर खोबरेल तेल मुरवलेलं होतं. आज्जीनं कातरीला भंडारा लावला. भंडारा संपलेला होता, तो आणायला बाजारात अण्णाच गेले होते. देव्हारा नदीला दिलेला माणूस किराणा दुकानात उभा राहून भंडाऱ्याची पुडी मागत होता. दुकानदारानं दोनदा बघितलं म्हणे.

कातर चालायला लागली तेव्हा आवाज झाला तो केस कापण्याचा नव्हता, चामडं कापल्यासारखा कर्रकर्र होता. डोंगरआज्जीनं डोळे मिटून अण्णांचा हात धरला होता. ती यल्लम्माचं नाव घेत होती आणि मधेच, "आता मेले तर?" असं विचारत होती. ती जोगतीण बाई, "मी मेले का?" एवढंच म्हणायची आणि पुढं कापायची. शेवटचा धागा तुटला तेव्हा मान एकदम दुसऱ्या बाजूला गेली. इतक्या वर्षांचं ओझं नाही म्हटल्यावर मानेला सरळ कुठं राहायचं ते कळेना. ती हातानं मान चाचपत बसली. नंतर म्हणाली, "वारा लागतोय."

जट उकिरड्यावर टाकायची नाही, नदीला द्यायची, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. अण्णांनी ती नव्या फडक्यात बांधली, वर हळद-कुंकू घातलं आणि सायकलवरनं वेदगंगेला जाऊन सोडून आले. तेच पात्र, तोच माणूस. परत आल्यावर मावशीनं विचारलं, "पाया पडलास न्हवं?" अण्णा म्हणाले, "पडलो." ते पडले होते की नाही, मी कधी विचारलं नाही.

डोंगरआज्जी त्यानंतरही दर माघात डोंगराला जात राहिली, डोईवर पदर घेऊन. देवीवरची तिची श्रद्धा कमी झाली नाही. माझ्या मते वाढली, कारण ज्या देवीला ती आयुष्यभर भ्याली होती तिनं 'होय' म्हटलं होतं. पुरोगामी मंडळींनी हे नीट बघावं असं मला कळकळीनं वाटतं. ती बाई देवीतनं सुटली नाही, भीतीतनं सुटली. आणि सोडवणाऱ्यांना देवीला हात लावावा लागला नाही.

उलट्या दिशेनंही माणसं माणसांमुळंच जातात. बेळगावातलीच गोष्ट आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये एक तरुण बंगाली संन्यासी इथं आला, भाटे वकिलांकडं उतरला. जेवणानंतर त्यानं पानसुपारी मागितली तेव्हा घरातले लोक चक्रावले. संन्याशाला पान कशाला? ते होते विवेकानंद. शिकागोची परिषद अजून वर्षभर लांब होती, त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांची भेट हरिपद मित्र नावाच्या वनअधिकाऱ्याशी झाली. मित्र इंग्रजी शिकलेले, संन्याशांवर विश्वास नसलेले. भगवी वस्त्रं घालून फिरणारे बहुतेक भोंदू, असं त्यांचं मत. त्यांनी विवेकानंदांना घरी राहायला आणलं, दिवस दिवस प्रश्न विचारले, आणि शेवटी नवरा-बायको दोघांनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली. किल्ल्यातलं ते घर आज रामकृष्ण मिशनकडं स्मारक म्हणून आहे. मी तिथं गेले आहे. वाद-प्रश्न पुष्कळ झाले, हे खरं. पण हरिपदबाबूंचं मन कुठल्या एका मुद्द्यानं वळलं असेल असं मला वाटत नाही. हसणारा, पान खाणारा, कुठल्याही प्रश्नाला न चिडणारा एक माणूस घरात राहिला, आणि त्याचा देव त्यांना आपला वाटला.

दुःखाचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या जिल्ह्यातल्या नद्या गावात शिरल्या. पाणी ओसरल्यावर एकाच गावात एकजण म्हणत होता, 'देवानं जीव वाचवला,' आणि त्याचा शेजारी म्हणत होता, 'देव असता तर पाणी आलं असतं का?' गेलेलं दोघांचं सारखंच होतं: भिंत, भांडी, म्हैस. संकटानं माणूस देवाकडं वळतो हे अर्धवट सत्य आहे. संकट त्याला आधीच्याच वाटेवर ढकलतं, बहुतेकदा.

मी स्वतः देव मानत नाही. सासर बेळगावात, सासूबाई सोमवारी कपिलेश्वराला जायच्या, त्यांना सोडायला मी स्कूटर काढायची आणि बाहेर थांबायची. त्यांनी आत ये म्हटलं नाही, मी का जाता म्हटलं नाही. माझं न मानणं विचारांती आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, मी अण्णांच्या बाजूला उभी आहे आणि तिथंच उभी राहणार. विचार आहेत, पुष्कळ आहेत, आणि ते मला पटतात. पण उद्या कुणी माझे सगळे मुद्दे खोडून दिले तरी त्या शाळेच्या दाखल्यापासून मी हलणार नाही.

ही बाजू घेण्याची किंमत आमच्या रस्त्यावर मोजली गेली आहे. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीवरनं जातो. उत्तरेला तासाभरावर कोल्हापूर, दक्षिणेला बेळगाव ओलांडलं की धारवाड. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात सकाळी फिरायला गेलेल्या गोविंद पानसऱ्यांवर आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी, २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घरात येऊन मारलं. पानसरे कम्युनिस्ट. कलबुर्गी बाराव्या शतकातल्या शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, वचनांचे अभ्यासक. दोघंही म्हातारे, दोघंही निःशस्त्र. त्या वर्षी अण्णा आठवडाभर बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मावशीच्या गळ्यात मणी बांधताना तिला कुणी विचारलं नव्हतं. यांनाबी कुणी विचारलं न्हाई." मी त्या दोन गोष्टी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. मानण्याची सक्ती आणि न मानल्याची शिक्षा, दोन्हींत माणसाचं तोंड बंद करायचं असतं.

माझ्या भावाच्या मुलानं मात्र दोन वर्षांपूर्वी माळ घातली. आमच्या घरात! तो तंबाखूच्या वखारीत कामाला होता, दारूत पुरता बुडाला होता. औषधं झाली, शपथा झाल्या, बायको दोनदा माहेरी गेली. गल्लीतल्या एका भजनी मंडळातल्या लोकांनी त्याला दिंडीत नेलं. पंढरपूरहून आला तो गळ्यात तुळशीची माळ घेऊन. दारू बंद, मटण बंद, रोज संध्याकाळी हरिपाठ. भावाला धक्काच बसला. बुद्धाच्या फोटोखाली टाळ ठेवलेले बघून तो मला फोनवर म्हणाला, "अक्का, आपल्या लोकांनी देव नदीला दिले आणि हा परत घेऊन आला."

अण्णा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. गेल्या दिवाळीला सगळे जमलो होतो तेव्हा त्यांनी नातवाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. विचारलं, "दारू विठ्ठलानं सोडवली का दिंडीतल्या माणसांनी?"

तो जरा वेळ माळेच्या मण्यांशी चाळा करत बसला. म्हणाला, "आज्जा, मला ते येगळं करायला जमत न्हाई. एक माणूस दिंडीत रात्रभर माझ्यापाशी बसला हुता, हातपाय थरथरत हुते तवा. त्यो म्हणत हुता विठ्ठल हाय. मग मी कसं म्हणू न्हाई?"

अण्णांनी यावर युक्तिवाद केला नाही. त्यांच्याकडं युक्तिवाद नव्हते असं नाही. एरवी त्यांनी कर्त्याच्या कर्त्यापासून सुरुवात केली असती. नातवाची तीन वर्षांची पोरगी मध्येच येऊन त्यांच्या मांडीवर बसली, तिचे केस दिवसभर खेळून विस्कटलेले. अण्णा बोटांनी ते सोडवू लागले आणि नातवाला म्हणाले, "माळ काढू नको. खरं हिच्या केसांत गुंता झाला तर फणी घ्यायची. भजनी मंडळाला विचारत बसायचं न्हाई."

"मी रोज इंचरतो की," तो म्हणाला. आणि खरंच उठून फणी घेऊन आला.